बूच व वायसर : लहान वस्तूविषयींची मोठी हयगय

भाताच्या मुलखांत राहणाऱ्या शेतकऱ्याच्या वर्षांत पंधरा-वीस दिवस असे येतात कीं, त्यांतील एक दिवस वायां जाणें म्हणजे पुढील चार महिन्यांच्या कमाईचा कांहीं अंश वायां जाणेंच होय. आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास रोपें लावणीस आलेलीं असतात, खाचरांत पाणी उभें असतें, मजूर मोठ्या मिनतवारीनें मिळालेले असतात. अशा वेळीं चिखलणीचें यंत्र बंद पडलें तर सगळीच घडी विसकटते. गेल्या आषाढांत माझ्या घरीं हा प्रसंग आला, आणि त्यास कारण झालेली वस्तु एखाद्या नाण्याहूनही हलकी होती. ती वस्तु म्हणजे तांब्याचा एक वायसर. या लहान वस्तूविषयीं आपण जी हयगय करतों तिच्याबद्दल चार शब्द लिहावे, आणि आपल्या संघानें या बाबतींत काय करावें याविषयीं माझें मत सभासदबंधूंपुढें ठेवावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

मुळशी तालुक्यांतील शेतीचें स्वरूप वाचकांस सांगावयास नको. पौडापासून पश्चिमेस जसजसें जावें तसतसा पाऊस वाढत जातो, आणि ताम्हिणीचा घाटमाथा तर महाराष्ट्रांतील अतिशय पावसाच्या ठिकाणांत गणला जातो. २०२४ च्या जुलैंत तेथें एका दिवसांत पांचशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला गेला. खोऱ्याच्या तळची कसदार भातजमीन सुमारें शंभर वर्षांपूर्वीं धरणाच्या पाण्याखालीं गेली, आणि ती वांचविण्यासाठीं १९२१ सालीं सुरू झालेला मुळशीचा सत्याग्रह व त्यांतील सेनापति बापटांचें पुढारीपण सर्वांस ठाऊक आहे. धरणाच्या कडेनें उरलेली जमीन पुष्कळशी उताराची, पायऱ्यापायऱ्यांच्या लहान खाचरांची. अशा खाचरांत मोठा ट्रॅक्टर वळत नाहीं, आणि केवळ मागच्या दोन चाकांवर ओढणारा लहान ट्रॅक्टर चिखलांत रुतून बसतो. म्हणूनच चारही चाकांनीं ओढणारे लहान ट्रॅक्टर आपल्याकडे आले व लोकांस मानवले. डोंगरवाड्यांवर जाणाऱ्या जीपगाड्या तर त्याहून जुन्या. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपास आलेली विलीज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी मुंबईंत जोडूं लागली, आणि तिच्या वंशांतील गाड्या आजही खत, दूध आणि माणसें घेऊन आपले चढ चढत आहेत.

या सर्व यंत्रांत एक भाग समान आहे. गाडी वळतांना बाहेरच्या अंगाचें चाक आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडतें. बैलगाडीचीं चाकें आंसावर मोकळीं फिरत असल्यामुळें तिला ही अडचण कधीं आली नाहीं. परंतु इंजिनाच्या जोरानें दोन्ही चाकें फिरवावयाचीं आणि तरीही त्यांना कमीअधिक वेगानें फिरूं द्यावयाचें, तर मध्यें दांतेरी चक्रांची एक जोडणी लागते. तिला डिफरन्शियल म्हणतात. हीं चक्रें एका बंद कवचांत तेलांत भिजत फिरतात. तेल घालण्यासाठीं कवचाच्या अंगास एक भोक आणि काढण्यासाठीं तळाशीं दुसरें भोक असतें, आणि दोहोंस आट्यांचें बूच बसविलेलें असतें. चारही चाकें ओढणाऱ्या जीपेस पुढें एक व मागें एक अशीं दोन डिफरन्शियलें असतात. लहान ट्रॅक्टरांत मागील डिफरन्शियल बहुधा गिअरपेटीच्याच कवचांत असतें, पण पुढच्या आंसास निराळें तेल असतें, आणि अनेक बनावटींत त्या आंसाच्या मध्यभागीं एक व दोन्ही टोकांस चाकांपाशीं एकेक अशीं तेल सोडण्याचीं बुचें आढळतात. टोकांचीं हीं दोन बुचें चिखलणीच्या वेळीं सबंध दिवस पाण्याखालीं असतात, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

आतां माझी हकीकत सांगतों. गेल्या वैशाखांत मीं ट्रॅक्टराच्या पुढच्या आंसाचें तेल बदलून घेतलें. तेल चांगल्या प्रतीचें होतें, आणि त्याचे पैसे मोजतांना मीं हात आंखडला नाहीं. पण बुचाखालचा वायसर मिस्तऱ्यानें जुनाच बसविला, आणि “चालतो” असें म्हणाला. मीही मान डोलाविली. दुसऱ्या दिवशीं बुचाशीं तेलाचा ओलावा दिसला, तेव्हां पान्याला नळी जोडून बूच आणखी आंवळलें. ओलावा थांबला, पण कवचांतील आटे त्या जोरानें दुखावले होते, हें मला कळलें नाहीं. चिखलणीच्या चौथ्या दिवशीं पुढचें डावें चाक गुरगुरूं लागलें. बूच उघडून पाहतों तों दुधाचा चहा ओतावा तसें तेल बाहेर आलें. आंत पाणी व गाळ शिरला होता, बेअरिंग गेलें होतें, आणि चक्रांच्या दांतांवर खड्डे पडले होते. सुटे भाग येऊन काम होण्यास आठ दिवस लागले. तोंवर पलीकडच्या वाडींतून बैलजोडी आणून जेवढें झालें तेवढें केलें. उरलेलीं रोपें वाढून जून झालीं, आणि त्या खाचरांत फुटवा विरळ आला. यांत मिस्तऱ्यास दोष देण्यापेक्षां मी तो स्वतःस देतों. यंत्र माझें, खाचर माझें, आणि “चालतो” या शब्दास मान डोलाविणारा मीच.

वायसराचें काम. — दोन धातूंचे सपाट भाग एकमेकांवर कितीही दाबले तरी त्यांत डोळ्यांस न दिसणाऱ्या फटी राहतात. मोटेची शिवण कितीही घट्ट असली तरी तिला तेल पाजल्याशिवाय ती पाणी धरीत नसे, तसेंच हें. बूच व कवच यांच्यामध्यें मऊ धातूचा वायसर घातला म्हणजे दाबानें तो किंचित् चेपतो आणि त्या फटी भरून काढतो. चेपणें हेंच त्याचें काम होय. परंतु तांबें एकदां चेपलें कीं कठीण होतें, आणि कठीण झालेला वायसर दुसऱ्या वेळीं नव्या फटींशीं जुळत नाहीं. मग ओलावा दिसतो, मग माणूस अधिक आंवळतो, आणि अधिक आंवळल्यानें कवचाचे आटे जातात. वायसराची किंमत चहाच्या एखाद-दोन पेल्यांइतकी, तर कवचाचे आटे दुरुस्त करण्याची मजुरी आणि खोटी मात्र दिवसांच्या मापाची. हा व्यवहार कोणाही हिशेबी कुणब्यास न पटण्याजोगा आहे, तरीही आपण तो दर वर्षीं करतों.

वायसराचे प्रकार चार-पांच आहेत, व ते एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. तांब्याचा वायसर लोखंडी कवचास उत्तम. अल्युमिनियमचा वायसर त्याहून मऊ असतो, आणि अल्युमिनियमच्या कवचास बहुधा तोच दिलेला असतो, कारण त्यास थोड्या जोरानेंही चेपतां येतें. पुठ्ठ्यासारखा दिसणारा फायबरचा वायसर स्वस्त मिळतो, पण सतत पाण्यांत बुडणाऱ्या बुचास तो लावूं नये असें माझें मत आहे. लोखंडी कड्याच्या आंत रबराची कडा चिकटविलेला वायसर दुकानांत बॉन्डेड अथवा डाउटी वायसर या नांवानें मिळतो. तो बेताच्या जोरावर चांगला बसतो, परंतु त्याचें रबर तेल सोसणारें पाहिजे, आणि त्याचें माप बुचाच्या आट्यांशीं बरोबर जुळलें पाहिजे. कांहीं बुचांस वायसराऐवजीं खांचेत बसणारें रबराचें गोल कडें असतें. तें चिरलेलें किंवा चपटें झालेलें दिसलें कीं फेंकून द्यावें.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो निमुळत्या आट्यांच्या बुचाविषयीं. कांहीं कवचांचीं बुचें सरळ नसून टोकाकडे बारीक होत गेलेलीं असतात. तीं आट्यांतच आंवळून बसतात व आट्यांतच तेल अडवितात. त्यांस वायसर मुळींच नको. आट्यांस योग्य लेप किंवा टेफलॉनची पट्टी पुरते. अशा बुचाखालीं कोणी वायसर घातला तर बूच आंत पुरतें जात नाहीं व गळूं लागतें. उलटपक्षीं सरळ आट्यांच्या बुचास पट्टी गुंडाळणें निरर्थक होय, कारण तेथें तेल अडविण्याचें काम वायसर करतो, आटे नव्हेत. शिवाय पट्टीचे तुकडे तुटून तेलांत जाण्याची भीति. बूच हातांत घेऊन टोकापाशीं व डोक्यापाशीं जाडी ताडून पाहावी, म्हणजे तें सरळ कीं निमुळतें हें क्षणांत कळतें. हें एवढें पाहण्याचे कष्ट न घेतां जो दुकानांत जाऊन “एक वायसर द्या” म्हणतो, त्यास दुकानदारानें काहींही दिलें तरी तक्रार करण्याचा अधिकार नाहीं.

माप घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. वायसराचें आंतील भोक बुचाच्या आट्यांवरून सहज पण ढिलें न पडतां जावें. बाहेरची कड बुचाच्या टोपीबाहेर येऊं नये. आणि जाडी मूळ वायसराइतकीच असावी. गळती थांबविण्यासाठीं दोन वायसर एकावर एक घालण्याची चाल मीं अनेक ठिकाणीं पाहिली आहे. तीनें बुचाचे आटे कवचांत कमी शिरतात, आणि ओढ्याच्या दगडगोट्यांतून जातांना बसणारे हादरे थोड्या आट्यांवर येतात. ही चाल टाकून द्यावी.

अडचणीच्या वेळचा एक जुना उपाय मात्र सांगून ठेवतों. तांब्याचा जुना वायसर चुलींत लालसर होईपर्यंत तापवून थंड केला कीं तो पुन्हां मऊ होतो. वरची काळी खपली घासून काढावी, सपाट फरशीवर बारीक पॉलिशकागद ठेवून त्यावर दोन्ही बाजू घासाव्या, आणि मग वापरावा. गाडी भर रानांत अडली असतां या युक्तीनें काम भागतें. परंतु अल्युमिनियमच्या वायसरास ती कधींही लावूं नये, कारण अल्युमिनियम तांब्यासारखें लाल होऊन इशारा देत नाहीं. तें दिवसाउजेडीं रंग न बदलतां एकाएकीं वितळतें.

बुचाची निवड. — मूळ बूच बिघडलें नसेल तर तें बदलण्याचें कारण नाहीं, हें प्रथम सांगतों. हल्लीं चकचकीत स्टेनलेसचीं बुचें हौसेनें बसविण्याची टूम निघाली आहे. अल्युमिनियमच्या कवचांत असें बूच वर्षभर चिखलपाण्यांत राहिलें म्हणजे दोन धातूंच्या सान्निध्यानें कवचाचा धातु झिजतो, व बूच असें घट्ट धरतें कीं काढतांना आटे घेऊनच बाहेर येतें. साधें, चांगल्या पोलादाचें, मूळ मापाचें बूच हेंच शेतकऱ्याचें बूच होय.

बुचाच्या डोक्याची घडण मात्र पाहण्यासारखी असते. बाहेर षट्‌कोनी डोकें असलेलें बूच नेहमींच्या पान्यानें निघतें, परंतु तें खालीं लोंबत असल्यानें बांधाच्या दगडावर आपटतें. आंत षट्‌कोनी किंवा चौकोनी खांच असलेलें बूच दगडापासून सुरक्षित राहतें, पण त्या खांचेंत चिखल दगडासारखा वाळून बसतो. तसाच पाना घालून जोर केला तर पाना अर्धवट शिरतो आणि खांच गोल होते. म्हणून आधीं खिळ्यानें किंवा तारेनें खांच तळापर्यंत उकरून, राकेल लावून पुसून घ्यावी, पाना शेवटपर्यंत बसला आहे याची खात्री करावी, आणि मगच जोर लावावा. हें दोन मिनिटांचें काम न केल्यामुळें बूच छिन्नीनें तोडण्याचे प्रसंग येतात.

आट्यांच्या मापाविषयीं सावध असावें. कांहीं यंत्रांचे आटे मिलिमीटरी मापाचे व कांहींचे इंची मापाचे असतात, आणि त्यांतील कित्येक मापें इतकीं जवळ आहेत कीं चुकीचें बूचही दोन-तीन फेरे सहज फिरतें. तेथून पुढें जें जड जातें तें “घट्ट बसतें आहे” असें आपणांस वाटतें. वस्तुतः तें कवचाचे आटे कापीत असतें. नवें बूच शेवटपर्यंत नुसत्या बोटांनीं फिरलें पाहिजे, ही एकच कसोटी पुरेशी आहे. बोटांनीं अडलें तर तें परत करावें.

लोहचुंबक बसविलेलें बूच मिळत असेल तर तळाच्या भोकास तें अवश्य घ्यावें. तेलांत तरंगणारा लोखंडाचा कीस तो धरून ठेवतो, आणि त्याहून मोठा लाभ म्हणजे तो आपणांस आंतली बातमी देतो. चुंबकावर राखी रंगाचा मऊ लेप दिसला तर ती नेहमींची झीज समजावी. चमकणारे पापुद्रे किंवा दांताचा तुकडा दिसला तर ट्रॅक्टर त्याच दिवशीं कामावरून काढावा. मात्र चुंबकाची लांबी मूळ बुचाहून अधिक नसावी. लांब चुंबक आंतल्या चक्रास घासला तर औषधच रोगाचें कारण होईल.

काम करण्याचा क्रम. — यंत्र थोडें चालवून तेल कोमट करावें व तें सपाट जागीं उभें करावें. तळाचें बूच सोडण्यापूर्वीं वरचें, म्हणजे तेल घालण्याचें बूच उघडून पाहावें. हा नियम कोणीही मोडूं नये. खालचें तेल सांडून दिल्यावर वरचें बूच निघेना असें झालें तर यंत्र जागेवर अडकून पडतें, आणि त्यास ओढून नेण्यासही दुसरें यंत्र लागतें. तेल पूर्ण निथळल्यावर कवचाची बैठक फडक्यानें कोरडी करावी, जुना वायसर तेथेंच चिकटलेला नाहीं ना हें नखानें चांचपून पाहावें, आणि नवा वायसर घालून बूच आधीं हातानें व मग पान्यानें आंवळावें. किती आंवळावें याचा आंकडा यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेला असतो, आणि तो मोजणारा पाना ज्याच्यापाशीं असेल त्यानें तो वापरावा. नसेल त्यानें इतकें तरी करावें कीं पान्याला नळी जोडूं नये व पान्यावर पाय देऊं नये. नवें तेल पुस्तिकेंत सांगितलेल्याच जातीचें घ्यावें. ट्रॅक्टराच्या गिअरपेटींत चालणारें तेल जीपेच्या डिफरन्शियलास चालेलच असें नाहीं. सामान्यतः वरच्या भोकाच्या कडेपर्यंत तेल आलें, बोट घातलें असतां लागलें, म्हणजे पुरे.

येथें एक शंका निघते ती योग्य आहे. कोणी म्हणतील, “वायसर नवा घातला, बूच नवें घातलें, तरी आमच्या आंसांत पाणी शिरलें.” तेंही घडतें, कारण पाणी शिरण्याच्या वाटा अनेक आहेत. कवचास श्वास घेण्यासाठीं एक बारीक झडप किंवा नळी असते. काम करून तापलेला आंस एकदम ओढ्याच्या गार पाण्यांत शिरला कीं आंतली हवा आकुंचन पावते व बाहेरून कांहींतरी ओढून घेऊं पाहते. ही नळी चिखलानें बुजली असेल तर हवेऐवजीं पाणी, सीलाच्या कडेनें किंवा ढिल्या बुचाशेजारून, आंत ओढलें जातें. उलट यंत्र तापलें कीं तीच कोंडलेली हवा तेल बाहेर ढकलते, आणि आपण उगाच वायसरास दोष देतों. म्हणून तेल बदलण्याच्या दिवशीं ही श्वासनळी साफ करणें हें वायसर बदलण्याइतकेंच आवश्यक मानावें. चाकापाशीं गवत किंवा तार गुंडाळून सील फाटलें आहे काय, हेंही पाहावें. वायसरानें सर्व रोग बरे होतात असें माझें म्हणणें नाहीं. जो रोग चहाच्या पेल्याच्या किमतींत टळतो तो तरी टाळावा, इतकेंच म्हणणें आहे.

तेल केव्हां बदलावें याबद्दलही मला रूढीविरुद्ध एक मत मांडावयाचें आहे. आपली चाल अशी कीं मृगापूर्वीं यंत्राची सगळी डागडुजी करावयाची आणि लावणी उरकली कीं त्यास पडवींत लोटून द्यावयाचें. परंतु चिखलणींत आंत शिरलेलें पाणी त्यामुळें श्रावणापासून वैशाखापर्यंत कवचांतच राहतें. तेल वर व पाणी तळाशीं बसतें, आणि तळाशीं असलेल्या बेअरिंगास व दांतांस आठ-नऊ महिने गंज चढत राहतो. वैशाखांत तेल बदलतांना आपण फक्त झालेलें नुकसान पाहतों. म्हणून पुढच्या आंसाचें तेल लावणी संपतांच, श्रावणाच्या पहिल्या उघडिपींत तपासावें. तळाचें बूच किंचित् सैल करून प्रथम पाणी येतें कीं तेल येतें हें पाहावें. पाणी किंवा दुधाळ तेल दिसलें तर पुस्तिकेंतले तास भरले नसले तरी तेल बदलावें. पुस्तिकेंतील तासांचा हिशेब नेहमींच्या कामासाठीं दिलेला असतो. मुळशीच्या खाचरांत पाण्याखालीं काढलेल्या तासाला तो जसाच्या तसा लावूं नये.

संघानें काय करावें. — हें सर्व प्रत्येक शेतकऱ्यानें एकेकट्यानें करावें असें म्हणणें सोपें, पण व्यवहारास धरून नाहीं. योग्य मापाचा एक वायसर आणण्यासाठीं कोळवण खोऱ्यांतून पौडास किंवा पिरंगुटास आणि तेथें न मिळाल्यास पुण्यास जावें लागतें. दिवस मोडण्यापेक्षां जुना वायसर बसविणें माणसास स्वस्त वाटतें, आणि खरें सांगावयाचें तर त्या दिवसापुरतें तें स्वस्तही असतें. हयगयीचें मूळ आळसापेक्षां या अंतरांत आहे. तें अंतर संघ मोडूं शकतो.

माझी सूचना अशी आहे. संघाच्या भांडारांत खतबियाण्यांच्या शेजारीं एक खणांची पेटी ठेवावी. सभासदांपाशीं ज्या बनावटीचे ट्रॅक्टर व जीपा आहेत त्यांची यादी करून, प्रत्येकीच्या पुढच्या व मागच्या डिफरन्शियलाचे वायसर व एकेक जादा बूच त्या पेटींत मापाच्या चिठ्ठीसह ठेवावें. भिंतीवर एक फळी लावून तिच्यावर यंत्राचें नांव, बुचांची संख्या, आटे सरळ कीं निमुळते, वायसर तांब्याचा कीं अल्युमिनियमचा, आणि तेलाची जात हीं सर्वांस वाचतां येतील अशीं लिहावीं. आट्यांचें माप घेण्याची पट्टी व जोर मोजणारा पाना हीं दोन हत्यारें संघानें विकत घ्यावीं व सभासदांस एका दिवसाच्या बोलीनें द्यावीं. तेल विकतांना त्याच्याबरोबर त्या यंत्राचे वायसर दिल्याशिवाय डबा बाहेर जाऊं नये, असा नियम करावा. या सर्वांस भांडवल फारसें लागणार नाहीं. मात्र एका माणसानें मन लावून यादी नीट ठेवली पाहिजे.

याच भांडारापाशीं जळक्या तेलासाठीं एक झांकणाचें पिंपही असावें. काढलेलें तेल बांधावर ओतणें, ओढ्यांत सोडणें किंवा वाळवी लागूं नये म्हणून खुंटांस फांसणें, हें आपण सर्वांनीं केलें आहे. धरणाखालचे आपले ओढे मुळा-मुठेस मिळतात, आणि तें पाणी पिणारीं व शिंपणारीं माणसें खालीं आहेत. शिवाय २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेलें तेल धोक्याच्या टाकाऊ पदार्थांत धरलेलें असून तें अधिकृत शुद्धीकरण करणारांकडेच जावें असें ठरविलें आहे. एकट्याच्या दोन लिटरांसाठीं कोणी येणार नाहीं. संघाच्या भरलेल्या पिंपासाठीं येतील.

यावर एक आक्षेप मला आधींच ऐकूं येतो: “शेतकऱ्यानें शेती करावी, यंत्राचें मिस्तऱ्यानें पाहावें.” मिस्तऱ्याच्या कसबाविषयीं मला आदर आहे, आणि दांतांची जुळणी मी त्याच्याकडूनच करवून घेईन. परंतु आपल्या वाडवडिलांनीं गाडीच्या चाकांस वंगण घालण्यासाठीं कधीं सुताराची वाट पाहिली नाहीं. वंगणाचें नळकांडें गाडीखालीं टांगलेलें असे, आणि घरच्या पोरालाही तें केव्हां व कसें घालावें हें ठाऊक असे. सुतार चाक करी, पण चाक राखी तो घरधनी. किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल या भीतीनें लोक तो घेईनात, असें सांगतात. आपण आज दुसऱ्या टोकास गेलों आहों. लोखंडाची भीति गेली ती इतकी कीं, त्यासही निगा लागते हेंच आपण विसरलों. बैल आजारी पडला तर तो चारा सोडतो व आपणांस कळतें. यंत्र मात्र दांत झिजून जाईपर्यंत मुकाट्यानें काम करतें, आणि त्याची पहिली हांक बहुधा शेवटचीच असते.

ज्यांच्या घरीं चारही चाकें ओढणारें यंत्र आहे त्यांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर एकच गोष्ट करावी: यंत्राखालीं वांकून त्याचीं बुचें मोजावीं, आणि तीं कोणत्या जातीचीं आहेत हें घरच्या वहींत लिहून ठेवावें. ती नोंद घेऊन संघाच्या पुढील बैठकीस यावें. अशा पन्नास नोंदी जमल्या कीं पेटीची यादी तयार झालीच म्हणून समजावें. येत्या श्रावणापूर्वीं ती पेटी भांडारांत उभी राहिली, तर माझे गेल्या आषाढांतले आठ दिवस अगदींच फुकट गेले असें मी मानणार नाहीं.